ज्या कराराने नाचणीची दोन शेते जोडली: आमच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंना आणि व्यवस्थापन परिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

मागच्या महिन्यात परिषदेने एक ठराव मंजूर केला. जागतिक क्रमवारीत पहिल्या १००० मध्ये नसलेल्या परदेशी विद्यापीठांशी झालेले सामंजस्य करार मुदत संपल्यावर पुढे चालवायचे नाहीत, असा तो ठराव. त्याची प्रत आमच्या विभागात आली तेव्हा मी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसोबत होते. शिपायाने वहीवर सही घेतली आणि पाकीट हातात दिले. पश्चिम केनियातल्या एका सरकारी विद्यापीठाशी असलेला आमच्या विभागाचा पाच वर्षांचा करार त्या एका ओळीने संपला होता. त्यापूर्वी विभागाला कोणी काही विचारले नव्हते.

त्यानंतर मी तीन अर्ज दिले. तिन्हींवर आवक विभागाचा शिक्का आहे, उत्तर एकाचेही नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. ज्यांना लिहिले आहे त्यांना ते कळेल. राज्यातल्या इतर विद्यापीठांत असे करार सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना यात स्वतःचीही गोष्ट दिसेल असे वाटते, तेव्हा त्यांनीही वाचावे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. माझे संशोधन नाचणीवर आहे, विशेषतः तिच्यावर पडणाऱ्या करप्यावर. आजरा, चंदगड, राधानगरी, महाबळेश्वर, अकोले, जव्हार, जिथे जिथे उताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी होते तिथल्या शेतकऱ्याला हा रोग सांगावा लागत नाही. बुरशी पानावर येते, मग कणसाच्या मानेवर, मग कणसाच्या बोटांवर. मानेवर आली की कणीस भरत नाही आणि शेतकरी म्हणतो, यंदा पोचटच निघाली.

ही नाचणी मुळात आपली नाही. पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात, इथिओपिया-युगांडाच्या पट्ट्यात, माणसाने ती शेतीत आणली आणि हजारो वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून इकडे आली. ज्वारीचे मूळही आफ्रिकेतलेच. म्हणजे आपण ज्याला गरिबाचे धान्य म्हणतो आणि आता भरडधान्य म्हणून पुन्हा मिरवतो, त्याचे सगे तिकडे आहेत. रोगाशी झुंजणारे जुने वाणही तिकडे सापडण्याची शक्यता जास्त, कारण पीक जिथे जन्मले तिथे त्याची विविधता सहसा दाट असते. करप्यावर काम करणाऱ्याने पूर्व आफ्रिकेकडे पाहायचे नाही तर कुठे पाहायचे?

याहून साधे आणि पक्के कारणही आहे. आपली नाचणी जूनच्या पावसावर होते. पश्चिम केनियात मोठा पाऊस मार्चपासून, म्हणून तिथली पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि काढणी जुलै-ऑगस्टच्या सुमारास. तिकडे पीक मध्यावर येते तेव्हा आपल्याकडे रोपांसाठी तरवा टाकायची तयारी चाललेली असते. दोन शेते जोडली की एका वर्षात दोन हंगाम मिळतात. एका वाणाची सहा हंगाम परीक्षा घ्यायची तर एकट्याने सहा वर्षे लागतात, दोघांनी मिळून तीन. एवढ्यासाठी आम्ही हा करार केला होता. वेळेचा फरक अडीच तासांचा. आमचे अकरा वाजले की त्यांचे साडेआठ. दर बुधवारी दोन्हीकडचे विद्यार्थी एकत्र बसून एकाच रोगाची छायाचित्रे पाहत आणि रोगाची तीव्रता मोजायची पट्टी दोघांनी मिळून ठरवली. जर्मनी किंवा अमेरिकेशी असे नेमाने बसायचे तर कोणाला तरी झोप मोडावी लागते.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार ठरावाच्या आधाराबद्दल. ठरावात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांचा हवाला आहे. ते विनियम मी पूर्ण वाचले आहेत. ते ट्विनिंग (अभ्यासक्रमाचा काही भाग परदेशी विद्यापीठात), संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी अशा अभ्यासक्रमांसाठी आहेत. परदेशी विद्यापीठ पहिल्या १००० मध्ये असण्याची अट आहे ती तिथे. आपल्या बाजूने नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान, हीही अट तिथलीच. आम्ही कोणालाही पदवी देत नव्हतो. आमचा करार संशोधनाचा आणि विद्यार्थी-देवघेवीचा होता. पदवीसाठी घातलेली अट संशोधनाच्या करारावर लावायला आयोगाने सांगितलेले नाही, परिषदेने ती स्वतःहून लावली. एकाही सदस्याने बैठकीत मूळ विनियम मागवून पाहिले असते तर हा ठराव या रूपात मंजूर झाला नसता, असा माझा विश्वास आहे.

दुसरी तक्रार शुल्काची. ही लिहिताना मला लाज वाटते, कारण यात आपले नाव खाली गेले आहे. करारात परस्पर शुल्कमाफीचे कलम होते. आमचा पीएच.डी.चा विद्यार्थी पाच महिने तिकडे राहिला. त्याच्याकडून त्यांनी प्रयोगशाळेचेही पैसे घेतले नाहीत. त्यांची विद्यार्थिनी इकडे आली तेव्हा शुल्क विभागाने तिला परदेशी नागरिकाचा दर लावला. मी करार दाखवला. 'असे परिपत्रक नाही,' एवढेच उत्तर मिळाले. करारावर कुलगुरूंची सही आणि विद्यापीठाचा शिक्का होता, तरी खिडकीवरच्या माणसाला परिपत्रकच हवे होते. शेवटी तिच्या मार्गदर्शकाने स्वतःच्या संशोधन निधीतून पैसे पाठवले. त्यांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही, हे मला जास्त लागले.

तिसरी तक्रार राहण्याची, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल.

ती आली तेव्हा वसतिगृहात खोली नव्हती. परदेशी विद्यार्थिनीला खोली देण्याचा नियमच नाही, असे रेक्टर मॅडम म्हणाल्या. त्यांचा दोष नव्हता, त्यांच्या हातात कागद नव्हता. आम्ही शहरात खोल्या पाहायला लागलो. चार ठिकाणी फोनवर खोली रिकामी होती आणि आम्ही दारात उभे राहिल्यावर ती भरलेली निघाली. पाचव्या ठिकाणी मालकांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितले, 'मॅडम, तुमच्यासाठी केव्हाही, पण यांना नको.' ती दहा पावलांवर उभी होती. तिला मराठी येत नव्हते, तरी तिला सगळे समजले. रिक्षात बसल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, मॅडम, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

ती चार महिने माझ्या घरी राहिली. परदेशी पाहुणा आला की तेव्हा चोवीस तासांत भरावा लागणारा सी फॉर्म मीच घरमालक म्हणून भरला. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी नाचणीची आंबील केली. रात्री पीठ भिजवलेले, सकाळी शिजवून ताक घातलेले, वर थोडे जिरे. तिने एक घोट घेतला आणि वाटी दोन्ही हातांनी धरून म्हणाली, 'उजी!' तिच्या आजीच्या घरी नाचणीच्या आंबवलेल्या पिठाची हीच पातळ पेज, फक्त ताकाशिवाय. नाचणीला ते विंबी म्हणतात. चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात आणि दुकानाला दुका. त्या दिवसापासून सासूबाई आणि ती स्वयंपाकघरात एकमेकींना शब्द शिकवू लागल्या. आजऱ्याजवळच्या ज्या शेतात आमचे प्रयोग चालतात तिथल्या शेतकरीकाकूंनी तिला खुरपे धरायला लावले, तेव्हा तिने ते आमच्या एम.एस्सी.च्या मुलांपेक्षा सफाईने चालवले. काकू म्हणाल्या, 'ही तर आमच्यातलीच हाय की.'

ही आठवण सुखाची आहे, पण विद्यापीठाचे काम एका प्राध्यापिकेच्या घरात झाले हेही यात आहे. माझ्या घरात खोली होती म्हणून निभावले. ज्या सहकाऱ्याचे घर दोन खोल्यांचे आहे त्याने परदेशातल्या विद्यार्थ्याला कसे बोलवायचे?

चौथी तक्रार आमच्या विद्यार्थ्याची. तो चंदगड तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. केनियातल्या पाच महिन्यांत त्याने दोन शेतांवर रोगाच्या नोंदी घेतल्या आणि बुरशीचे नमुने वेगळे करायला शिकला. परत आल्यावर कळले की पीएच.डी. विभागाने त्याला त्या काळात गैरहजर दाखवले आहे. सहामाही प्रगती अहवालावर प्रत्यक्ष हजर राहून सही नाही, म्हणून अहवाल ग्राह्य नाही. अहवाल ग्राह्य नाही म्हणून फेलोशिपचे हप्ते अडकले. त्या महिन्यांत त्याने गावाकडून पैसे मागवले. जो मुलगा विद्यापीठाच्या करारावर, विद्यापीठाच्या परवानगीने गेला, तो विद्यापीठाच्याच नोंदीत गैरहजर. विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारी क्रेडिट बँक २०२१ पासून आली आहे, पण तिकडे केलेल्या कामाचे किती क्रेडिट धरायचे हे ठरवायला आपल्याकडे कोणी बसलेच नाही.

पाचवी बियाण्याची. ज्वारी आणि नाचणी ही दोन्ही पिके २००१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा कराराच्या यादीत आहेत आणि त्यांच्या देवघेवीसाठी ठरलेला नमुना करारही आहे. वाट आहे, तिच्यावर पायऱ्या आहेत. बाहेरून संशोधनासाठी बियाणे आणायचे तर दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा ब्युरोकडून आयात परवाना, मग रोगमुक्ततेची तपासणी, विलगीकरण. इथले पाठवायचे तर जैवविविधता कायदा, २००२ पाहावा लागतो. हे नियम योग्य आहेत. आपले वाण कोणीही खिशात घालून नेऊ नयेत म्हणूनच ते आहेत आणि मी ते पाळणार. माझी तक्रार दिल्लीबद्दल नाहीच. आमचा अर्ज दिल्लीला गेलाच नाही. आपल्याच इमारतीत एका सहीसाठी तो पाच महिने पडून राहिला. तोवर मृग निघून गेला आणि खरिपाचा हंगाम हातचा गेला. शेतीतल्या संशोधनात एका सहीला उशीर झाला की वर्ष जाते. कार्यालयाच्या दिनदर्शिकेवर ते दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

सहावी तक्रार समन्वयकाच्या कामाची, आणि ती थोडक्यात. पाच वर्षे हा करार सांभाळण्याचे काम माझ्या कार्यभारात एक तासही धरले गेले नाही. मी ते करतच राहिले असते. पण माझ्यानंतर कोणी का करावे?

या सगळ्याच्या मुळाशी एक सवय आहे आणि ती आपल्या एकट्याच्या विद्यापीठाची नाही. सामंजस्य करार हा आपल्याकडे मोजायचा आकडा झाला आहे. नॅकच्या तिसऱ्या निकषात कार्यरत करारांची संख्या विचारतात. 'कार्यरत' हा त्यातला कळीचा शब्द. मूल्यांकनाचे वर्ष आले की विभागांना पत्रे जातात, पुरावे पाठवा. मग घाईने एक ऑनलाइन व्याख्यान होते, पडद्याचे छायाचित्र निघते आणि करार कार्यरत ठरतो. टेबलावर दोन झेंडे ठेवून सह्या झालेले कितीतरी करार दुसऱ्या भेटीपर्यंतही पोचत नाहीत. आमचा करार त्या शब्दाच्या खऱ्या अर्थाने कार्यरत होता, आणि बंद झाला तो नेमका हाच.

दोन खंडांतल्या विद्यापीठांचे नाते कसे टिकते याची उदाहरणे आपल्या जवळच आहेत. कानपूरची आयआयटी उभी राहिली तेव्हा १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे नऊ अमेरिकी विद्यापीठांचा गट तिच्या पाठीशी होता. तिकडचे प्राध्यापक येऊन राहिले, प्रयोगशाळा उभ्या केल्या, १९६३ मध्ये संगणक आला आणि त्यावर शिकवणेही सुरू झाले. मुंबईच्या आयआयटीने ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाबरोबर २००८ मध्ये संशोधन अकादमी काढली. तिथे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन्हीकडे मार्गदर्शक असतो आणि तो दोन्ही ठिकाणी काम करतो. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजमुळे कितीतरी परदेशी अभ्यासक मराठी शिकून गेले. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर वर्षानुवर्षे येत राहिले, म्हणून खंडोबा-बिरोबाच्या ओव्यांचा एवढा मोठा ठेवा नोंदला गेला. या ठिकाणी माणसे पुन्हा पुन्हा आली, राहिली, काही इथली भाषा शिकली आणि कोणीतरी वर्षानुवर्षे खर्च सोसला.

आणि आफ्रिका आपल्याला परकी कधी होती? मुंबई विद्यापीठात आफ्रिका अध्ययन केंद्र १९७१ पासून आहे. मलिक अंबर इथिओपियातून आला आणि त्याने आजच्या छत्रपती संभाजीनगरला पाणी आणले, ते नहरींचे जाळे आजही शहराखाली आहे. आयआयटीची परदेशातली पहिली शाखा मद्रास आयआयटीने २०२३ मध्ये काढली ती झांजिबारमध्ये, म्हणजे पूर्व आफ्रिकेतच. त्याच वर्षी दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकन युनियन जी-२० ची सदस्य झाली. देश त्या दिशेला पावले टाकतो आहे आणि आपण तिथे उघडलेले दार क्रमवारी पाहून लावून घेतो आहोत.

क्रमवारी वाईट आहे असे मी म्हणत नाही. जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना मुंबईत इरादापत्रे दिली गेली. त्यांच्या शाखा येतील, आपल्या मुलांना त्याचा फायदा होवो. आपल्या विद्यापीठाने मोठ्या विद्यापीठांबरोबर दुहेरी पदव्या जरूर सुरू कराव्यात. पण करप्याची बुरशी क्रमवारी पाहून पसरत नाही. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या तणावर ज्यांच्या कामाने मात करता आली ते गेबिसा एजेटा इथिओपियातल्या खेड्यात जन्मले, अमेरिकेत शिकले, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसाठी सुदानमध्ये राबले आणि २००९ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तीन खंड एका तणापाठी जोडले गेले होते. आमच्या कामाची तुलना त्यांच्याशी करण्याचे धाडस माझ्यात नाही. पण वाट तीच आहे, असे मला मनापासून वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. ठराव मागे घ्यावा किंवा तो फक्त पदवीच्या अभ्यासक्रमांपुरता आहे अशी स्पष्ट दुरुस्ती करावी, आणि केनियाच्या विद्यापीठाशी असलेला करार पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवावा. यापुढे करार बंद करण्यापूर्वी संबंधित विभागाचे लेखी म्हणणे घ्यावे.

२. त्या विद्यार्थिनीकडून घेतलेले शुल्क करारानुसार परत करावे आणि सोबत कुलगुरूंच्या सहीचे दिलगिरीचे पत्र जावे. पैशापेक्षा पत्र महत्त्वाचे आहे.

३. मुलींच्या आणि मुलांच्या वसतिगृहात करारावर येणाऱ्यांसाठी किमान दोन-दोन खोल्या राखून ठेवाव्यात. राहण्याच्या ठिकाणची नोंद, परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, बँक खाते, दवाखाना यासाठी एक अधिकारी नेमून द्यावा आणि त्याचा फोन नंबर विद्यार्थी निघण्यापूर्वी त्याच्या हातात असावा.

४. करारावर परदेशात घालवलेला काळ हजेरीत धरावा, प्रगती अहवाल तिकडच्या मार्गदर्शकाच्या सहीने चालावा आणि क्रेडिट विद्यार्थी जाण्याआधी ठरावेत. आमच्या विद्यार्थ्याचा अडकलेला अहवाल याच महिन्यात मंजूर करावा.

५. बियाणे, नमुने आणि संशोधनाच्या परवानग्यांच्या अर्जांवर विद्यापीठाची सही पंधरा दिवसांत व्हावी. नाही झाली तर का नाही, हे लिहून कळवावे.

६. समन्वयकाचे काम कार्यभारात धरावे.

७. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने देशी-परदेशी संस्थांशी संबंध जोडण्यासाठी स्वतंत्र मंडळ दिले आहे. त्याच्या बैठका नियमित व्हाव्यात, इतिवृत्त प्रसिद्ध व्हावे, आणि सगळ्या परदेशी करारांची यादी संकेतस्थळावर लावावी. प्रत्येकापुढे कोण गेले, कोण आले आणि काय काम झाले एवढे तीन रकाने पुरेत.

यातली एकही मागणी इमारत बांधायची नाही. बहुतेक सह्यांच्या आहेत.

केनियाच्या सहकाऱ्यांचे पत्र मागच्या आठवड्यात आले. करार वाढणार का, एवढेच त्यांनी विचारले आहे, कारण त्यांच्याकडे मार्चमध्ये पेरणी आहे आणि त्यांच्या शेताचा एक तुकडा त्यांनी अजून आमच्यासाठी मोकळा ठेवला आहे. मी उत्तर लिहिलेले नाही. त्यांचे वाण यंदाच्या मृगाला इकडच्या रोपवाटिकेत पडायचे असतील तर परवान्याची फाइल १५ फेब्रुवारीपूर्वी दिल्लीकडे निघायला हवी. फाइल तयार आहे. ती आपल्या कार्यालयात, आवक विभागाच्या उजव्या कपाटात, निळ्या कव्हरमध्ये आहे.

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्र विभागातील एक प्राध्यापिका